छडी आणि चिरूट

ह्या पानांवर तुळशीवृंदावनापासून तिळगुळापर्यंत अनेक विषय येऊन गेले. परंतु तंबाखूच्या धुरावर कोणा सोवळ्या घरच्या म्हाताऱ्यानें लिहिल्याचें माझ्या स्मरणांत नाहीं. विषय कळतांच कांहीं भगिनी नाकाला पदर लावतील हें मी जाणून आहें. त्यांना विनंति एवढीच कीं, लेख शेवटपर्यंत वाचावा. ज्या वस्तूचें वर्णन मी करणार आहें तिची भलावण करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं; पण वस्तु घातक आहे म्हणून तिची रुचिहि वाईट होती, असें खोटें लिहिण्याचाहि नाहीं. सदतीस वर्षें मुलांना 'खरें बोलावें' हें वाक्य सुलेखनासाठीं घालून दिलें. उतारवयांत तें स्वतःला लावून पाहावें म्हणतों.

आमच्या केळशीच्या घराला तंबाखू परकी नव्हती. आजोबांची तपकिरीची डबी पोथ्यांच्या फडताळांत पोथ्यांइतक्याच मानानें राहत असे. थोरले बंधु अण्णा जेवणानंतर ओटीवरील झोपाळ्यावर बसून पान जमवीत. पान आगरांतलें, सुपारी आगरांतली. चिमूटभर तंबाखू तेवढी बाजारची. मी या दोन्ही मार्गांनीं न जातां चिरूट धरला. नोकरीच्या पहिल्या वर्षीं मद्रासेकडून आलेल्या एका आप्तानें दिंडिगलचे चार चिरूट हातावर ठेवले, आणि तेव्हांपासून रात्रीच्या जेवणानंतर एक, असा नेम वीस-बावीस वर्षें चालला. 'चिरूट' हा शब्दहि तिकडचाच. तमिळ भाषेंत 'शुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. त्रिचनापल्लीच्या चिरुटाची कीर्ति एके काळीं विलायतेपर्यंत पोंचली होती. १८८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कथेंत तो चतुर गृहस्थ नुसत्या राखेवरून खुनी मनुष्य त्रिचनापल्ली ओढणारा आहे हें ताडतो. हें वाचल्यापासून तर माझा चिरूट मला विद्वत्तेचेंच एक उपकरण वाटूं लागला.

शिवाय संस्कृताचें थोडें अध्ययन झालेलें असल्यामुळें प्रत्येक खोडीला शास्त्राधार शोधण्याची विद्या मला अवगत होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पांचव्या अध्यायांत, धूमवर्तीचा विधि सांगितला आहे. चंदन, वाळा, वेलदोडा, दालचिनी, जटामांसी, गुग्गुळ, अगरु इत्यादि द्रव्यें वाटून तो लगदा शरगवताच्या काडीवर लिंपावा. वर्ति आठ अंगुळें लांब, अंगठ्याएवढी जाड आणि जवाच्या दाण्याच्या आकाराची करावी. वाळल्यावर आंतील काडी काढून टाकावी, वर्तीला तूप लावावें, ती पेटवावी आणि नळीवाटे धूर घ्यावा. स्नान, भोजन, वमन, शिंक, दंतधावन, नस्य, अंजन आणि निद्रा असे आठ प्रसंगहि नेमून दिले आहेत. चिरुटाची आकृति याहून वेगळी ती काय? बाणभट्टाच्या 'कादंबरी'मधील शूद्रक राजादेखील भोजनोत्तर धूमवर्ति ओढतो, चूळ भरतो आणि मग तांबूल घेतो. एवढ्यावर भागलें नाहीं, तर 'तमाखुपत्र' या शब्दावरील श्लेषाचें सुभाषित हाताशीं होतेंच. त्याची एक फोड केली कीं तंबाखूचें पान, दुसरी केली कीं मूषकवाहन गजानन! तें म्हणून दाखवावें, आणि आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला मनांतल्या मनांत साक्षीला बोलवावें, असा माझा क्रम असे.

यांत एक गोष्ट मी सोयीस्कर विसरत होतों. चरकाच्या वर्तींत तंबाखूचा कणहि नव्हता, आणि असणें शक्यहि नव्हतें. ती वनस्पति अमेरिकेची. पोर्तुगीज लोकांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. सतराव्या शतकाच्या आरंभीं असद बेग नांवाच्या सरदारानें विजापुराहून ती अकबराच्या दरबारीं नेली, तेव्हां ती तेथें नवलाची चीज ठरली. आणि १६१७ सालीं जहांगिरानें तिच्यावर बंदीहि घातली. म्हणजे माझा शास्त्राधार आणि माझा चिरूट यांच्यामध्यें कैक शतकांचें आणि एका महासागराचें अंतर होतें. पण व्यसनी मनुष्याला तेवढें अंतर ओलांडावयास एक काडी पुरते.

आतां ज्या प्रसंगासाठीं हा लेख लिहावयास घेतला तो सांगतों. १९८९ सालचा पावसाळा. मी तेव्हां केळशीबाहेरच्या एका गांवीं शाळेवर होतों. मधल्या सुटींत शाळेमागच्या गडग्याआड सातवींतला एक मुलगा विडी ओढतांना मला सांपडला. तेरा वर्षांचा, खाडीपलीकडून होडींतून येणारा, खारव्याचा मुलगा, गणितांत हुषार. मीं त्याला वर्गासमोर उभें केलें आणि दोन्ही हातांवर सहा-सहा छड्या दिल्या. तोंडानेंहि कांहीं बोललों. "विडी! हमालासारखी विडी ओढतोस?" हे माझे शब्द होते, आणि ते मला चांगले आठवतात. मुलगा रडला नाहीं. माझ्याकडे पाहत राहिला. त्या रात्रीं जेवण झाल्यावर मीं नेहमीप्रमाणें चिरूट पेटवला, आणि यांत विसंगत असें कांहीं आहे हें माझ्या मनालाहि शिवलें नाहीं. विडी आणि चिरूट यांच्यांत मी जातिभेद मानीत होतों, आणि तो मला रसिकतेचा भाग वाटत होता.

पुढें २००४ सालीं अण्णा गेले. गालाच्या आंतल्या बाजूस, जेथें ते तंबाखू धरीत, तेथेंच कर्करोग झाला. अण्णांनीं आयुष्यांत कधीं धूर ओढला नव्हता, आणि मी सर्वांना सांगत असें कीं, चिरुटाचा धूर छातींत घ्यावयाचा नसतो, नुसता तोंडांत घोळवून सोडावयाचा असतो, म्हणून तो निरुपद्रवी. मुंबईच्या रुग्णालयांत एका तरुण डॉक्टरणीनें माझें हें तत्त्वज्ञान दोन वाक्यांत निकालांत काढलें. चिरुटाचा धूर क्षारधर्मी असतो, त्यामुळें त्यांतील निकोटीन तोंडाच्या अस्तरांतूनच रक्तांत उतरतें. आणि तोंड, घसा, स्वरयंत्र व अन्ननलिका यांना त्याचा धोका असतोच असतो. "तुमच्या भावांनीं गालांत ठेवली, तुम्ही तोंडांत घोळवतां, फरक काय?" असें तिनें विचारलें. मला उत्तर आलें नाहीं. अण्णांचे तेरावे झाले त्या दिवशीं घरांत उरलेले चिरूट मीं विहिरीमागें पुरले.

यानंतर जवळजवळ वीस वर्षांनीं, भाद्रपदांत, गौरी-गणपतींच्या दिवसांत एक मध्यमवयीन गृहस्थ आमच्या पायऱ्या चढून आले आणि त्यांनीं वाकून नमस्कार केला. नांव सांगितल्यावर ओळख पटली, तोच मुलगा! शिकून व्यापारी जहाजांवर गेला, सारें जग फिरला, आतां मुंबईस बंदरांत किनाऱ्यावरच्या कामावर होता. चहा झाल्यावर त्यानें पिशवींतून एक धातूची नळी काढून माझ्यापुढें ठेवली. "गुरुजी, हा हवानाचा चिरूट. जुन्या सोबत्याकडून मुद्दाम मागवला. जगांतला उत्तम चिरूट तुम्हांला आणून द्यायचा, हें लहानपणींच ठरवलें होतें." मीं सोडल्याचें त्याला ठाऊक नव्हतें, आणि त्याचा चेहरा पाहून मला तें सांगवेना. नळींत माँटेक्रिस्टो जातीचा चौथ्या क्रमांकाचा चिरूट होता. लांबी १२९ मिलिमीटर, जाडी सुमारें १७. माझ्या बोटांनीं मोजला तों सात अंगुळें भरला. चरकाच्या मापाला एक अंगुळ उणा.

तो पाहुणा दोन महिने घरांत राहिला. चिरुटाचे शोकी लोक तो देवदारासारख्या सुगंधी लांकडाच्या पेटींत ठेवतात, आणि हवा फार कोरडी होऊं नये म्हणून पेटींत शेंकडा ६५ ते ७० आर्द्रता राखतात. आमच्या कोंकणांत चिंता नेमकी उलट! भाद्रपदांत येथें पापडापासून पोथीपर्यंत सर्वांना बुरशी येते. मीं ती नळी तांदळाच्या डब्यांत पुरून ठेवली. दर आठ दिवसांनीं काढून वास घ्यावा आणि परत ठेवावी, असें चाललें होतें. सौभाग्यवतीच्या हें लक्षांत आल्यावांचून कसें राहील? एके दिवशीं त्या म्हणाल्या, "अहो, एकच आहे ना? मग तो मुलगा येईल तेव्हां त्याच्या समोर ओढून टाका. तांदळाला वास लागतोय. मात्र मागील दारीं, आणि मी पाहणार नाहीं." न्यायाधीश झाल्या असत्या तर नांव काढलें असतें.

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीं तो पुन्हां गांवीं आला. संध्याकाळीं आगरांत, गोठ्याच्या पलीकडे, माडाखालीं आम्ही दोघे बसलों. पाऊस संपून हवा कोरडी झाली होती. सुरूच्या बनापलीकडून समुद्राचा आवाज येत होता. तो वाऱ्याच्या वरच्या बाजूस बसला.

चिरूट हातांत घेतल्यावर प्रथम नजरेंत भरलें तें त्याचें वेष्टन. तुपांत भिजल्यासारखें तकतकीत, शिरांचा मागमूस नाहीं. क्यूबा बेटाच्या पश्चिमेस पिनार देल रियो नांवाचा प्रांत आहे. तेथील व्वेल्ता आबाहो भागांतली तंबाखू सर्वोत्तम मानतात. वेष्टनाचीं पानें कापडाच्या छताखालीं, सावलींत वाढवितात, म्हणून तीं इतकीं नाजूक होतात. आंतलें सारण तीन प्रकारच्या पानांचें. झाडाच्या शेंड्याकडील ऊन खाल्लेलें पान जहाल आणि सावकाश जळणारें, मधलें सुवासासाठीं, खालचें विस्तव टिकविण्यासाठीं. या पानांच्या रास घालून त्यांना आपल्याच उष्णतेनें मुरूं देतात, आणि मग कारागीर यंत्रावांचून, हातानें तो वळतो.

या कारागिरांची एक रीत ऐकून मला तर त्यांचा हेवाच वाटला. १८६५ सालापासून हवानाच्या कारखान्यांत वाचक ठेवण्याची चाल पडली. वळणाऱ्यांचे हात चालत असतां एक मनुष्य उंच आसनावर बसून त्यांना वर्तमानपत्रें आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचा पगार कामगार आपसांत वर्गणी करून देत. ड्यूमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' त्यांची फार आवडती. १९३५ सालीं निघालेल्या या चिरुटाला नांव मिळालें तें त्यावरूनच. आमच्या निपाणीला, सिन्नरला, सोलापुराला बायकांनीं मांडीवर सूप घेऊन टेंभुर्णीच्या पानांत तंबाखू भरावी आणि हजार विड्यांमागें मजुरी मोजून घ्यावी. त्यांना कोणीं काय वाचून दाखविलें? निपाणीच्या तंबाखू पिकविणाऱ्यांना १९८१ सालीं भावासाठीं रस्त्यावर बसावें लागलें आणि गोळीबारांत शेतकरी प्राणांस मुकले. मीं ज्या विडीला हमालाची म्हणून हिणवलें, तिच्यामागेंहि हात आहेत आणि घाम आहे, हें मला तोंवर सुचलें नव्हतें.

असो. टोपीचा भाग धारदार चाकूनें कापला, पेटविण्यापूर्वीं कोरडाच एक झुरका घेतला. जुन्या सागवानी पेटींत ठेवलेल्या रेशमी वस्त्राचा वास यावा तसा वास आला. मग काडीची ज्योत न टेकवितां, शेजारीं धरून, फिरवीत फिरवीत टोक पेटविलें. घाई केली तर चिरूट रागावतो. मिनिटाला एक झुरका पुरे.

पहिला तिसरा हिस्सा तिखटपणाचा. येथें एक शब्दशोध सांगतों. संस्कृतांत 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठींत आपण कटूला कडू करून टाकलें. या चिरुटाचा आरंभ संस्कृत अर्थानें कटु होता, मिऱ्यासारखा, जिभेच्या कडांना चुरचुरणारा. त्यामागोमाग ओल्या लांकडाचा कषाय रस आला, कच्च्या सुपारीसारखा तोंड आंवळणारा. मधल्या हिश्श्यांत तो शांत झाला. भाजलेल्या कॉफीचा, मग गोडी न घातलेल्या कोकोचा, मग भाजलेल्या नाचणीचा स्वाद येऊं लागला. आणि त्या सर्वांच्या खालीं, शिमग्यानंतर डोंगरउतारावर शेताची भाजावळ करतात, तिच्या दूरवरून येणाऱ्या धुराचा गंध. शोकी लोक थोडा धूर नाकावाटे सोडतात, म्हणजे सुगंध पूर्ण कळतो असें म्हणतात. मींहि सोडला, आणि कळला. परंतु डोळ्यांतून घळघळां पाणी आलें. चरकानें स्पष्ट सांगितलें आहे कीं, धूर तोंडावाटेच सोडावा, नाकावाटे सोडल्यास डोळ्यांना इजा होते. शास्त्राचा सोयीचा तेवढाच भाग पाळण्याचें हें फळ! राख मात्र पांढुरकी, घट्ट, बोटभर लांब होईपर्यंत ढळली नाहीं.

खरें सांगतों, माझ्या आयुष्यांतले शेंकडो दिंडिगल एका पारड्यांत आणि हा एक दुसऱ्या पारड्यांत घातला तर हाच जड होईल. त्या अर्ध्या तासांत मी सुखी होतों.

सहज विचारावें म्हणून मीं म्हटलें, "अरे, तूं नाहीं का ओढीत?"

तो हसला. "ओढीत होतों, गुरुजी. वीस-बावीस वर्षें. विडी मात्र नाहीं. आधीं सिगरेटी, मग हाच प्रकार. पांच वर्षांपूर्वीं छातींत कळ आली. हृदयाच्या धमनींत स्टेंट घातला. जहाज सुटलें तें तेव्हांच."

माझ्या हातांतला चिरूट तसाच राहिला. "पण तुला मीं एवढें मारलें होतें," मी म्हणालों.

"मारलेंत तें बरोबरच होतें. मी ओढत होतोंच. पण छडी मारायला तुम्ही जवळ आलांत ना, तेव्हां तुमच्या सदऱ्याला चिरुटाचा वास येत होता. फार छान वास होता. आमचे बाबा विडी ओढीत. मला तेव्हां एवढेंच कळलें कीं, विडी वाईट, कारण ती आमच्यासारख्यांची. मोठा झालों, पैसे मिळवले, कीं गुरुजी ओढतात तें ओढायचें."

त्याच्या स्वरांत आरोप नव्हता. एखाद्यानें आपल्या गुरूचा उपकार सांगावा तशा सुरांत तो बोलत होता. म्हणूनच तें मला अधिक लागलें. बारा छड्यांनीं मीं त्याला धूम्रपान वाईट असें शिकवीत आहें असें मला वाटत होतें. प्रत्यक्षांत त्यानें शिकून घेतला तो माझ्या सदऱ्याचा वास. मुलें आपण फळ्यावर लिहितों तें वाचतातच असें नाहीं. आपण कपड्यांत वागवितों तें मात्र त्यांना न शिकवितां येतें. मीं त्याला व्यसनापासून परावृत्त केलें नाहीं, तर त्याच व्यसनाची वरची इयत्ता दाखवून दिली.

शेवटचा हिस्सा पुष्कळ उरला होता. चिरूट चुरडून विझवीत नाहींत, ठेवून दिला कीं आपला आपण विझतो. मीं तो माडाच्या बुंध्याशीं दगडावर ठेवला.

"कसा होता, गुरुजी?" त्यानें उत्सुकतेनें विचारलें.

"उत्तम होता," मी म्हणालों. "इतका चांगला मीं कधीं ओढला नाहीं, आणि यापुढें ओढणारहि नाहीं." मग मीं त्याला अण्णांची हकीकत सांगितली. विहिरीमागें पुरलेल्या चिरुटांचें सांगितलें. आणि त्या दिवशीं वर्गांत मीं जे शब्द बोललों होतों, त्यांसाठीं हात जोडून त्याची क्षमा मागितली. छडीसाठीं नव्हे, शब्दांसाठीं आणि त्या वासासाठीं. तो गोंधळून उठला, "गुरुजी, हें काय!" म्हणत माझ्या पायांना हात लावूं लागला. आम्ही दोघेहि थोडा वेळ कांहीं बोललों नाहीं. अंधार पडल्यावर तो बत्ती घेऊन निघाला, तेव्हां सौभाग्यवतीनें त्याच्या हातावर दही घातलें आणि मुलाबाळांसाठीं फणसपोळी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशीं माझा नातू, जो यंदा सातवींत आहे, आगरांतून तो विझलेला तुकडा घेऊन आला. "आजोबा, हें काय? ह्याला वास कसा छान येतोय!"

छातींत धस्स झालें. चाळीस वर्षांपूर्वीं मीं त्याच्या हातून तें हिसकावून घेतलें असतें आणि एक चापट दिली असती. त्याला जवळ बसवून मीं सारें सांगितलें. वास छान आहे, चवहि छान होती. ह्याच पानानें तुझ्या मोठ्या आजोबांचा जीव घेतला. मी बावीस वर्षें ओढला, आणि मी ओढीत असतांना त्याच गुन्ह्यासाठीं एका मुलाला मारलें. चिरुटाविषयीं तो आणखी कांहीं विचारील असें वाटलें होतें. पण तें सर्व बाजूस ठेवून त्यानें एकच प्रश्न केला.

"मग त्या काकांना तुम्ही सॉरी म्हणालांत का?"

"म्हणालों," मी म्हटलें. "पस्तीस वर्षें उशीर झाला, पण म्हणालों."

त्यानें तो तुकडा माझ्या हातावर ठेवला, हात धुतले, आणि खेळावयास निघून गेला.